मागच्या बाजूचा भंडारा

ही केस आठवली की आधी हसू येतं. मग एका म्हाताऱ्याचे जोडलेले हात डोळ्यांपुढे येतात आणि मी सरळ होऊन बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नातवंडांनी गोष्ट सांगा म्हटलं की माझ्या तोंडी आधी ही एका कॉम्प्युटरची चोरी येते. नावं कुणाची सांगणार नाही. माणसं हयात आहेत, आपापल्या घरी सुखानं नांदतायत.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी हिंगोलीला स्थानिक गुन्हे शाखेत होतो. गोरेगावात एका बाईंनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. एक गाळा आणि दोन कॉम्प्युटर, एवढाच पसारा. आसपासच्या खेड्यांतल्या पोरी जीपनं येऊन तिथं टायपिंग शिकायच्या. एका बाजाराच्या दिवशी, क्लासला सुट्टी असताना, त्यातला एक कॉम्प्युटर गेला. कुलूप शाबूत, कडी शाबूत. आत शिरणारा किल्लीनंच शिरला होता, हे पंचनाम्याला गेलेल्या हवालदारालाही कळलं.

किल्ल्या दोन. एक बाईंकडे, दुसरी मेंढरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत त्याची मेंढरं बसायची आणि त्या बदल्यात तो गाळ्याची राखण करायचा. किल्ली तो करगोट्याला बांधून ठेवायचा. अंघोळीलाही काढत नव्हता.

गाळ्याचा मालक गावातला वजनदार माणूस. पंचनाम्याच्या वेळी सगळ्यांत पुढं तोच उभा होता.

"साहेब, सरळ हिशेब हाय," तो म्हणाला. "बाई आपलाच माल काहून चोरंल? राहिला कोण? मेंढरावाला."

मी म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने हात जोडले तेव्हा दिसलं, उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. मेंढ्या भादरताना कधीतरी कातरीत गेलेलं.

"बाबा, बाजाराच्या दिवशी कुठं होता?"

"मेंढरं घेऊन माळावर व्हतो साहेब. कोन्त्या माळावर ते इचारू नका, मेंढरं नेतील तिकडं जातो मी."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

"मेंढरांनी पाहिलं."

हवालदार हसला, मी हसलो नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली. निरपराध माणसाची जबानी नेहमी अशीच भोकाभोकांची असते. आपण कुठं होतो हे लक्षात ठेवावं, असं त्याला वाटलेलंच नसतं. गुन्हेगार मात्र सगळं पाठ करून येतो. गाळ्याच्या मालकाला मी सहज विचारलं, तर त्याने सकाळी कुणाकडे चहा घेतला, दुपारी कुणाच्या ओसरीवर टेकला, सगळं घडाघडा सांगितलं. मी तर त्याला तेवढं विचारलंही नव्हतं.

निघताना बाईंना म्हटलं, "कुलूप कुठून आणलं होतं?"

"गाळ्यासोबत मालकांनीच दिलं होतं," त्या म्हणाल्या.

मी ते मनात ठेवलं. कुलपाला दोनच किल्ल्या असतात असं कुठं आहे? पण गावातल्या वजनदार माणसावर नुसत्या संशयावरून हात टाकायचा नसतो. आधी मुद्देमाल हाती लागावा लागतो. म्हाताऱ्याचं नाव मी साक्षीदार म्हणून घेतलं आणि त्याला घरी पाठवलं.

पण गाव कुठं ऐकतंय! दोनच दिवसांत औंढ्याकडचा एक शेतकरी माझ्याकडे आला. डोक्याला फेटा, बोलणं सरळ. म्हाताऱ्याच्या मुलीशी त्याच्या मुलाची सोयरीक ठरली होती, म्हणजे दोघं होणारे व्याही. आमच्याकडे ईवाई म्हणतात.

"साहेब, पोरीत खोट न्हाई," तो म्हणाला. "पण त्या मेंढरावाल्याचं नाव ठाण्यात गेलं म्हनतेत."

"साक्षीदार म्हणून गेलंय."

"आमच्या गावात साक्षीदार अन् आरोपी एकाच सतरंजीवर बसतेत, साहेब. भावकी मला बसू देऊन न्हाई राहिली. हा धोंड्याचा महिना हाय, तसंही कुंकू लावता येत न्हाई. महिना सरंपर्यंत मी थांबतो. तवर चोर घावला तर घावला. न्हाई तर आमचा रस्ता मोकळा."

त्याचं मी वाईट मानलं नाही. अधिक महिन्यात आपल्याकडे मंगल कार्य करत नाहीत, म्हणून त्याला थांबायला एक कारण होतं आणि त्याने ते म्हाताऱ्याच्या पदरात टाकलं होतं. पण मुदत पडली होती. म्हातारा दर बाजाराला हिंगोलीला यायचा, कचेरीच्या दारातल्या लिंबाखाली बसायचा आणि मी बाहेर आलो की उठून एवढंच विचारायचा, "लागला का पत्ता, साहेब?" नाही म्हटलं की "बराबर हाय" म्हणून निघून जायचा. ते "बराबर हाय" मला फार लागायचं. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि खबर आली ती भलतीच. वारंगा फाट्यावरचा एक एसटीडी बूथवाला आमच्या हवालदाराचा खबऱ्या होता. त्याने निरोप धाडला की बूथमध्ये बसून एक माणूस फोनवर आकडे सांगतोय, मटका मोठा आहे.

हवालदार मटक्यातला जाणकार. म्हणजे, धाडी घालून घालून जाणकार. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. बूथवाला धावत आला.

"साहेब, कालपण आला व्हता. लाइन कटली म्हनून आज पुन्हा आला. अर्धा-अर्धा घंटा आकडे वाचून राहिला. अन् नवल म्हंजे मीटर पळतच न्हाई!"

त्या काळी बूथमध्ये लाल आकड्यांचं मीटर असायचं, बोलाल तसं पळायचं. मीटर पळत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं, हे बूथवाल्याचं गणित. त्याचा जीव मटक्यापेक्षा मीटरसाठीच तुटत होता, हेही तितकंच खरं.

काचेच्या दाराआड एक तिशीतला माणूस घामाघूम होऊन चिठ्ठीवरचे आकडे एकेक करून वाचत होता. हवालदाराने दार उघडून चिठ्ठी ओढली. सहा-सहा आकड्यांचे गट ओळीनं लिहिलेले.

"मटक्यात सहा आकडी काही नसतं, साहेब," हवालदार गंभीरपणे म्हणाला. "हा नवा धंदा हाय."

मग त्याने रिसीव्हर कानाला लावला. "बाई बोलून राहिली. हिंदीत. पुढचे आकडे सांगा म्हनती."

"साहेब, फोन ठेवू नका," तो माणूस काकुळतीला आला. "पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागंल!"

त्याला आम्ही बाहेर काढलं. फाट्यावरच कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं टपरीवजा दुकान होतं. बूथवाल्याच्या बाकावर बसवून विचारपूस सुरू केली. माणूस घाबरलेला, पण लपवाछपवी करणारा वाटला नाही.

"साहेब, मटका न्हाई हो. एका कॉम्प्युटरला फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकली. ती टाकली की कंपनीकडून चालू करून घ्यावी लागते. इथं नेट न्हाई, म्हनून फोनवर. आपल्या पडद्यावरचे आकडे आपन सांगायचे, तिकडून ती बाई आकडे देती, ते मारायचे. फोनचे पैसे कंपनी भरते, म्हनून मीटर पळत न्हाई."

"आणि नाही केलं तर?"

"महिनाभर चालती. मग बंद."

हवालदाराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हंजे महिनाभराचा जामीन अन् मग हजेरी. असं सरळ सांग ना."

मी हसलो, पण मनात वेगळंच चालू होतं. त्या काळी आमच्या भागात विंडोज टाकायची म्हणजे शंभरातल्या नव्वद ठिकाणी नक्कल केलेली सीडी घालायची आणि मोकळं व्हायचं. फोन करून परवानगी मागणारा हा पहिलाच.

"तू एवढा नियमाचा कधीपासून?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाचा हट्ट, साहेब. डब्याच्या बाजूला असली नंबरचं स्टिकर हाय, त्याच नंबरनं पक्की टाक म्हनले. जावयाला धोंड्याचं वाण म्हनून द्यायचा हाय. महिन्यानं जावयाच्या घरी बंद पडला तर इज्जत जाईल म्हनले."

"गिऱ्हाईक कुठलं?"

मोठ्या गिऱ्हाइकाचं नाव सांगून धंदा बुडवायचा का, असा विचार त्याच्या तोंडावर दिसत होता. मी घाई केली नाही. बूथवाल्याला चहा सांगितला. चहा प्यायलेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं, हा माझा अनुभव. अर्धा कप झाला आणि तो म्हणाला, "गोरेगावचे हायेत. स्वतः जीपनं आनून दिला. पासवर्ड इसरलो, आतलं सगळं पार धुऊन काढ म्हनले."

आम्ही दुकानात गेलो. कॉम्प्युटर टेबलावर होता. पडदा कोरा करकरीत, क्लासचं काहीही शिल्लक नाही. समोरची बाजू पुसून चकचकीत केलेली.

"उघड," मी म्हटलं.

त्याने पत्रा काढला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर पिवळी भुकटी बसली होती.

"ब्रशनं लई काढली, साहेब. मला वाटलं हळदीच्या आडतीतला असंल. आपल्याकडं आडतीतलं यंत्र असंच पिवळं होतं."

मी डबा फिरवला. मागच्या बाजूला, जिथं वायरी घुसतात तिथं, तेलात कालवलेल्या हळदीची तीन बोटं ओढलेली होती. बाजूच्या दोन रेघा लांब, मधली आखूड.

तसाच गोरेगावला निरोप धाडून म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. आणि दुसरी गाडी औंढ्याकडे, त्या फेटेवाल्याला आणायला. त्याला पंच करता येत नव्हतं, वकिलाने नात्यावरून उडवला असता. पंच मी फाट्यावरचे दोन वेगळे दुकानदार घेतले. फेटेवाल्याला नुसतं बघायला उभं केलं.

म्हाताऱ्याला डबा दाखवला नाही. आधी विचारलं, "बाबा, क्लासमधल्या कॉम्प्युटरला तुम्ही कधी हात लावला होता?"

तो चाचरला. "लावला व्हता, साहेब. खंडेनवमीला. बाई म्हनल्या, बाबा, तुमी राखणदार, तुमीच पूजा करा. बाईनं पुढून कुंकू लावलं. मी भंडारा लावला, अन् थोडा वरून उधळला."

"कुठं लावला?"

"मागच्या अंगाला."

"मागच्या काहून? तोंड तर पुढं आहे."

"पुढं काय, नुसतं दिसायला हाय, साहेब. वायर मागून जाती, करंट तिथनं येतो. जीव तिथनं येतो त्याच्यात. मंग भंडारा तिथंच नको का?"

पंचांसमोर मी डबा फिरवला. फेटेवाला वाकला, त्याने ती रेघ पाहिली, मग म्हाताऱ्याचा हात धरून वर केला आणि ते अर्धं बोट पाहिलं.

गाळ्याचा मालकच ते गिऱ्हाईक होता. त्याला मी कचेरीत चहाला बोलावलं. कॉम्प्युटर टेबलावर, त्यावर फडकं. इकडचं तिकडचं झालं.

"जावईबापूंना धोंड्यात काय दिलं?"

"द्यायचं हाय अजून. अनारसे झाले घरी."

"अनारशांबरोबर काय?"

तो फडक्याकडे पाहत राहिला. "कुलपाला किल्ल्या किती होत्या?" एवढंच मी पुढं विचारलं आणि त्याने मान खाली घातली. जावयाने यंदा कॉम्प्युटरच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. पुढच्या वर्षी बाईला नवा घेऊन देणार होतो, म्हणाला. तेही मी ऐकून घेतलं असतं.

"पण म्हाताऱ्याचं नाव काहून घेतलं?"

"कुनाचं तरी घ्याच लागतं, साहेब."

त्या वाक्यानं माझं टाळकं फिरलं. मारहाण मी कधी केली नाही, पण त्या दिवशी हात टेबलाखाली घट्ट धरून बसलो होतो. मग तिसरी किल्ली त्याच्या घरातून जप्त केली. विक्रेत्याच्या बिलावरचा नंबर डब्याशी जुळवला. दोषारोपपत्र वेळेत गेलं आणि पुढं शिक्षाही झाली.

कोर्टाच्या हुकमानं कॉम्प्युटर बाईंना परत मिळाला. विंडोजचं राहिलेलं काम फाट्यावरच्या त्याच माणसानं फुकट करून दिलं. या वेळी गोरेगावच्या बूथवरून. तिथल्या बूथवाल्यानंही मीटर पळत नाही म्हणून आम्हाला फोन केला.

या केसनं मला एक शिकवलं. यंत्रातलं सगळं पुसता येतं, नव्यानं टाकता येतं, फोन करून चालूही करून घेता येतं. माणसाच्या नावाला तशी सोय नाही. एकदा गेलं की गेलं. म्हणून त्यानंतर कुणाचंही नाव संशयित म्हणून लिहिण्याआधी मी पेन खाली ठेवून एकदा त्या माणसाच्या हातांकडे पाहायचो. नव्या फौजदारांनाही तेच सांगत आलो.

पण माझ्या लेखी ही केस कोर्टात संपली नाही. ती संपली त्या फाट्यावरच्या टपरीत. म्हाताऱ्याचा हात धरून फेटेवाला तसाच उभा होता. मग हवालदाराने पंचनामा लिहिता लिहिता विचारलं, "हे बोटांचे ठसे कुणाचे म्हणून लिहू?"

तोवर त्याला नुसता मेंढरावाला म्हणणारा तो माणूस मान ताठ करून म्हणाला, "आमच्या ईवायाचे. लिवा."

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "बराबर हाय."