शेवटच्या दाराशी थांबलेल्या बाई

एकही गोळी न झाडता तो खेळ शेवटपर्यंत नेता येतो का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी जव्हारच्या त्या संगणकवर्गात गेलो होतो. मी खुर्चीवर टेकण्यापूर्वीच तिथे शिकवणाऱ्या बाईंनी उत्तर दिले, "येतो, गुरुजी. आधी थांबायचं, मग हाक मारायची."

हे त्यांचे नेहमीचे वाक्य. साखरशेतजवळच्या त्यांच्या पाड्यात कोणी दुसऱ्याच्या अंगणात थेट शिरत नाही. कुडाबाहेर उभे राहून हाक द्यायची, आतून "ये" ऐकू आले की पाऊल टाकायचे. बाई हीच रीत पडद्यावर पाळत.

वाचकांनी आधी खेळ समजून घ्यावा. मूळ मालिकेत अंतराळातले ताफे लढवायचे असत. हा तिला फुटलेला फाटा. यात एकच माणूस चालवायचा, त्याला कौशल्ये द्यायची आणि परक्या ग्रहावरच्या वस्त्यांतून वाट काढायची. इतर खेळाडू सारे गुण नेमबाजीला देत; बाईंनी ते संभाषणाला आणि यंत्रदुरुस्तीला दिले होते. प्रत्येक फाटकाशी त्या बंदूक खाली करून उभ्या राहत. पहारेकरी रोखून पाहत आणि पुष्कळदा बोलू लागत.

आश्रमशाळेच्या मुलींना याचे हसू येई. "मॅडम, ते यंत्र हाय," एक म्हणाली.

"असू दे. घर त्याचं हाय. पाव्हणे आपण."

या मुलींना संगणकाला हात लावायला मिळे तो बाईंच्या शनिवार दुपारच्या या खेळाच्या तासालाच. पण गावात तक्रार झाली की तिथे पोरींना माणसे मारायला शिकवतात. वर्गाच्या मालकांनी तोड काढली आणि शाळेचा शिक्षक म्हणून मला पंच नेमले: बाईंनी माझ्यासमोर रक्तपाताविना खेळ पूर्ण केला तर तास चालू, नाहीतर बंद.

बाई शांतपणे शेवटच्या दारापर्यंत पोचल्या. तिथल्या यंत्ररक्षकाने शस्त्र रोखले. त्यांनी बंदूक खाली केली आणि माउसवरचा हातही उचलला. मागे उभे मालक पुढे सरकले. अहो, उडवेल तो तुम्हाला, असे पुटपुटत त्यांनी वाकून स्वतःच कळ दाबली. गोळी सुटली, सारी वस्ती चालून आली आणि पडदा लाल झाला.

"बघा गुरुजी, गोळीशिवाय भागत नाही," मालक म्हणाले.

बाईंनी खुर्ची वळवली. "गोळी तुम्ही झाडलीत. माझा माणूस तर दाराशी उभा होता. पुन्हा लावते."

मालकांनी वीज बंद केली. चाचणी पूर्ण होऊ दिली नाही, असे मी मालकांना लेखी कळवले. मालकांनी त्याचा अर्थ 'जमले नाही' असा लावला आणि तास बंद केला.

सोमवारी बाईंनी वर्गाची किल्ली टेबलावर ठेवली. तास नाही तर मीही नाही, एवढेच बोलून आपली खेळाची तबकडी घेऊन त्या निघाल्या. पुढे कळले की मोखाड्यात एका खोलीत जुना संगणक मांडून त्यांनी शनिवार पुन्हा सुरू केला आहे. मी गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "त्या नाशकाकडं गेल्या. मशीन पन नेली."

त्यामुळे माझा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. तो खेळ कुणाच्या हाती लागला तर शेवटच्या दारापर्यंत जा, बंदूक खाली करा आणि थांबा. पुढे काय होते, ते कृपया स्वतः तपासून पाहा.