तापवलेलं मलम

माझा मामा औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. म्हणजे कुंभकोणमच्या डॉक्टरांच्या दारांत टाय लावून घामाघूम उभा राहायचा. आमच्या घरात मात्र तो शास्त्रज्ञ! नव्वदीच्या दशकात त्याच्या हाती लायपोसोमचं मलम लागलं आणि त्याला आकाश ठेंगणं झालं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या अक्काच्या, गालांवर वांगाचे डाग होते. पापनाशम्‌हून माणसं तिला बघायला येणार होती. इथली मराठी घरं मूठभर, हे स्थळ गेलं की दुसरं मिळणं कठीण. मामा म्हणाला, "लायपोसोम म्हणजे चरबीचे कण, डोळ्यांला दिसत नाहींत येवढे बारीक. डागांचं औषध आपल्या पोटांत घेऊन कातडीच्या आंत शिरतात." कातडी म्हणजे जणू त्याची सासुरवाडी, कधीही जावं आणि शिरावं.

आमच्याकडे अंगाला थंड काही लावत नाहीत. शुक्रवारच्या न्हाण्याला तिळाचं तेलसुद्धा मिरे घालून तापवतात. आईनं मलमही पळीत घालून निखाऱ्यावर धरलं. ते फाटलं, पाणी वेगळं आणि चरबी वेगळी. तेच ती कोमट करून अक्काच्या गालांना नेमानं चोळत राहिली.

पापनाशम्‌च्या बाईंनी अक्काची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, बाजारात बैल पारखतात तसं. कॉफी प्यायल्या, गेल्या. नकार आला.

मामानं पळी हुंगली आणि ओरडला, "तापविलंस? कण सगळे वितळले! पोरीचं लग्न तूंच मोडलंस."

आईनं ते खरं मानलं. त्यानंतर ती अक्काच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. वेणी घालताना मागं बसायचं असतं, म्हणून तेवढं एक काम ती मन लावून करी.

मामानं पुढं साबणाची एजन्सी घेतली. दोनेक वर्षांनी आमच्याकडे जेवताना त्या मलमाची गोष्ट निघाली, तर हा गृहस्थ हसला. "तें होय! कोरडी कातडी मऊ करायचं, येवढंच. डागांचं औषध त्यांत नव्हतंच. म्यानेजर म्हणाला असं बोल, मी बोललों." आणि रसम् मागितलं.

मला त्याच्या पानात थुंकावंसं वाटलं. लाज नाही, खंत नाही, भूक तेवढी शाबूत.

आईनं रसम् वाढलं नाही. ती अक्कासमोर जाऊन बसली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"येवढेच डाग होते कां ग?" तिनं विचारलं.