नाकाला लावलेली चप्पल

चामड्याच्या चपलेचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. पाथर्डीत बहिणीची हळद होती. तिला फिट यायच्या, पण गोळी सुरू झाल्यापासून वर्षभर एकही आली नव्हती. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "मेंदूच्या पेशींना सोडियम आत सोडणारी दारं असतात, ही गोळी ती आवरून धरते. एक दिवसही चुकवायची नाही." पण हळदीच्या चार दिवस आधी मामी म्हणाली, "सासरच्यांना गोळ्या दिसल्या तर लगीन मोडंल. पोरगी आता बरी हाय, टाक फेकून." आणि भर मांडवात, हळद लागत असतानाच, बहीण कोसळली, दातखीळ बसून थडथड उडायला लागली. कुणीतरी पायातली चप्पल काढून तिच्या नाकावर दाबली. "आजून दाबा!" मामी ओरडत होती. मी ती चप्पल हिसकावून भिरकावली, सगळ्यांदेखत मामीला वाट्टेल ते बोललो. लोक मलाच आवरत होते. शुद्धीवर आल्यावर बहिणीनं मला हळूच विचारलं, "दादा, गोळी बंद करा असं डॉक्टर खरंच म्हनले हुते का?" चार दिवसांपूर्वी मीच तिला तसं सांगितलं होतं. मामीशी मी अजून बोलत नाही. बहिणीला अजून उत्तर दिलेलं नाही.