स्वतःच्या पैशांनी पाहिलेलं स्कॉटलंड

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर माझी पाटी धाकट्या भावाकडे गेली. ही वही मी साड्यांखाली ठेवते, पण चुकून कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घाला.

अमेरिकेत सनीव्हेलला मुलाकडे येऊन मला दोन वर्षं झाली होती. लायब्ररीत सूनबाई पुस्तकं बदलायची, तेवढा वेळ मी चित्रांची पुस्तकं चाळत बसायचे. एकात स्कॉटलंड होतं. जांभळे डोंगर, काळं पाणी आणि पाण्याच्या काठाला एक किल्ला. ते पुस्तक मी चार वेळा घरी आणलं. पाचव्या वेळी सूनबाई म्हणाली, "आई, पुस्तक किती वेळा आणायचं? जाऊनच येऊ या की."

मुलगा हसला. "स्कॉटलंड? तिथे आपलं कोण आहे, आई?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "म्हणूनच जायचंय."

मला एवढं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. आजवर जिथे गेले तिथे कुणाचं तरी बाळंतपण होतं, लग्न होतं, नाहीतर मयत. नुसतं बघायला म्हणून मी कुठे गेले नव्हते. आणि हे बघणं मला माझ्या पैशांनी करायचं होतं. सूनबाई स्वतःच्या पगारातून माझा खर्च करायला तयार होती. मी म्हटलं, "उसने दे. फेडीन." समोरच्या घरातल्या नागपूरच्या जोडप्याला बाळाला सांभाळणारं कुणी हवंच होतं. परत आल्यावर मी ते काम धरायचं ठरलं.

ऑगस्टात आम्ही दोघी गेलो. सहलीच्या बसमध्ये सगळी म्हातारी माणसं. बस इतकी सावकाश चालायची की डोंगरच आपल्या बाजूने चालत येताहेत असं वाटायचं. उतारांवर गुडघ्याएवढी जांभळी झुडपं होती, मैलच्या मैल. त्यांच्यावरून ढगांच्या सावल्या सरकायच्या आणि जांभळा रंग मधेच काळा व्हायचा, पुन्हा उजळायचा. तळ्यावर धुकं इतकं खाली यायचं की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते कळत नसे. जेवणं झाली तरी संध्याकाळ संपायची नाही. मी खिडकीशी बसून राहायचे. डोक्यात एकही काम नसायचं. असं रिकामं डोकं मला लहानपणीही मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. मोठा दरवाजा, वर दगडात कोरलेला सिंह. दरवाज्यापुढच्या गवतावर पाऊल पडलं आणि मी बूट काढून हातात घेतले.

"अहो आई, देऊळ नाहीये ते," सूनबाई म्हणाली.

"माहीत आहे."

मग माझं मलाच कळलं. आमच्या गावात पाटलाच्या गढीपुढून जाताना माझी आई चपला हातात घ्यायची. आमच्या सगळ्या वस्तीलाच घ्याव्या लागायच्या. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची होते. सूनबाई शहरात वाढलेली, तिने हे फक्त ऐकलेलं. ती माझ्या हातातल्या बुटांकडे बघत राहिली.

तेवढ्यात आमच्या बसचा म्हातारा गाईड लगबगीने आला आणि खिशातून जखमेला लावायची चिकटपट्टी काढून माझ्यापुढे धरली. त्याला वाटलं, मला बूट चावला. आम्ही दोघी इतक्या हसलो की तोही हसायला लागला. पट्टी मी घेतली. बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या आणि आत गेले. राजाच्या निजायच्या खोलीत लाकडी जमीन होती. मी मुद्दाम पाय जरा आपटून चालले. ठक ठक आवाज वरच्या छतापर्यंत गेला.

"हळू, आई!" सूनबाई कुजबुजली.

"राजा झोपलाय का?" मी म्हटलं.

त्या खोलीच्या खिडकीतून तळं दिसत होतं. एक हंस चालला होता, त्याच्यामागे पाण्यावर लांब रेघ. रेघ पुसून जाईपर्यंत मी तिथेच उभी होते.

परत आल्यावर बाळ सांभाळायला लागले. दर शुक्रवारी मिळतील ते डॉलर सूनबाईच्या हातात द्यायचे. ती न मोजता पर्समध्ये टाकायची. एकदा बुद्धवंदनेला जमलो असताना एक काकू म्हणाल्या, "लेकाने फिरवून आणलं ना? नशीबवान आहात." मी नुसती मान हलवली. अजून निम्मे द्यायचे होते, माझ्या पैशांनी गेले असं कोणत्या तोंडाने म्हणू?

काल शेवटचे चाळीस डॉलर राहिले होते. ते टेबलावर ठेवले.

"राहू द्या ना, आई," सूनबाई म्हणाली.

"मोज," मी म्हटलं.

तिने खुर्ची ओढली, बसली आणि दोन्ही नोटा मोठ्याने मोजल्या. "वीस. चाळीस." मग वर बघून म्हणाली, "फिटले, आई. सगळे."