फाईल बरोबर होती

डिप्लोमा करून मी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात लागले, तेव्हा तिथं सहा कॉम्प्युटर होते आणि एकच ड्रॉइंग बोर्ड. बोर्ड काकांचा. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली होती. कारखाना बंद पडला आणि पन्नाशी उलटल्यावर ते आमच्याकडे आले. नाशिक रोडहून रोज सिटी बसनं यायचे. कॉम्प्युटर त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, म्हणून साहेबांनी त्यांना तपासणीला बसवलं होतं. आमची ड्रॉइंग छापून त्यांच्यापुढे ठेवायची, ते लाल पेन्सिलीनं खुणा करायचे. सगळं ठीक असलं की खालच्या कोपऱ्यात सही.

इमारतीत जे छतामागं, भिंतीमागं लपलेलं असतं त्याचं आमचं काम. पाण्याचे पाइप, सांडपाणी, एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट. नव्या सॉफ्टवेअरमध्ये डक्टचा तुकडा म्हणजे नुसती रेघ नव्हती. त्याच्यावर क्लिक केलं की प्रॉपर्टीजची यादी उघडायची: लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी, आणि सगळ्यात वर तो कुठल्या सिस्टिमचा. खोलीत गार हवा सोडणारा सप्लाय, तीच हवा परत मशीनकडं आणणारा रिटर्न, घाण हवा गच्चीवरून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट. नवा तुकडा ज्या डक्टला जोडाल, त्याची सिस्टिम तो आपोआप घ्यायचा. रंग, बाण, नाव, सगळं त्याच्या मागोमाग यायचं. मला त्याचं फार अप्रूप होतं. एकदा काकांना मी ते करून दाखवलं.

"आणि चुकीच्या डक्टला जोडला तर?" त्यांनी विचारलं.

"तर चुकीची सिस्टिम घेईल."

"सांगणार नाही?"

"त्याला काय कळतंय, काका."

दुसऱ्या वर्षी आमच्याकडं एका तालुक्याच्या गावातलं खासगी रुग्णालय आलं. त्यात क्षयाच्या रुग्णांसाठी एक वेगळी खोली होती. तिची हवा दुसऱ्या कुठल्याही खोलीत जाऊ द्यायची नव्हती, थेट गच्चीवर. कॉरिडॉरच्या छतात रिटर्न आणि एक्झॉस्ट असे दोन डक्ट शेजारीशेजारी गेले होते. मी त्या खोलीतून डक्टचा एक फाटा काढला आणि कॉरिडॉरमध्ये जोडला. चुकून रिटर्नला. क्षणात त्याचा रंग बदलला असणार. मी बघितला नाही, पुढच्या खोलीकडं वळले होते.

तपासणीचे प्रिंट काळे-पांढरे निघायचे, रंग दिसायचाच नाही. तरी काका माझ्या टेबलाशी आले. हातात कागद, त्यावर पेन्सिलीनं केलेली बेरीज.

"पोरी, रिटर्नची हवा मला जास्त वाटते. कुठून येतेय एवढी?"

"काका, बेरीज सॉफ्टवेअर करतं. ते कसं चुकेल?"

"एकदा बघ तरी."

"पाचला कुरिअरवाला येतोय. सही करा ना."

तिथंच, माझ्या टेबलावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

रुग्णालय बांधून झालं, सुरूही झालं. त्याच एक्झॉस्टमधून बाथरूमची हवा ओढणारा गच्चीवरचा पंखा व्यवस्थित चालत होता, त्यामुळं कुणाला काही खटकलं नाही. सात-आठ महिन्यांनी कुठंतरी पाणी गळतं म्हणून त्यांनी कॉरिडॉरचं छत उघडलं. तिथल्या इंजिनिअरला क्षयाच्या खोलीचा डक्ट रिटर्नला जोडलेला दिसला, म्हणजे तिची हवा मशीनमधून बाकीच्या खोल्यांत फिरत होती. त्याचा फोन आला तेव्हा साहेब बाहेर गेले होते, मीच घेतला. तो चिडला नव्हता, थकला होता. म्हणाला, "आमच्या वॉर्डातल्या एका नर्सला क्षय झालाय. ह्याच्यामुळंच झाला असं मी म्हणत नाही. पण झालाय."

मी फोन ठेवला आणि फाईल उघडली. त्या तुकड्यावर क्लिक केलं. सिस्टिम: रिटर्न. मी जोड काढला, फाटा शेजारच्या एक्झॉस्टला लावला. रंग बदलला, बाण फिरला. फाईल सेव्ह केली. काम दोन मिनिटांचं होतं.

दुपारी साहेब आले. फोनचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतः फाईल उघडून बघितली आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं.

"कॉम्प्युटरमध्ये बरोबर आहे. मग हा जुना प्रिंट सही करून साइटवर कुणी पाठवला?"

काका कागदाकडं बघत राहिले. "सही माझी आहे," एवढंच म्हणाले.

फाईल शेवटची कधी बदलली हे तिच्याच प्रॉपर्टीजमध्ये दिसत होतं, आजची तारीख, माझं नाव. साहेबांना ते बघायचं सुचलं नाही. मी जागेवरून उठले नाही. त्या महिन्याच्या अखेरीस काकांनी टेबल आवरलं. बोर्ड भंगारात गेला आणि त्या जागेवर प्रिंटर आला.

मी तिथंच राहिले. पगार वाढला, नवी मुलं आली, त्यांना मी प्रॉपर्टीज शिकवायचे. काका मुलाकडं मनमाडला गेल्याचं कानावर आलं होतं. तीन वर्षांनी एका रविवारी मी गेले. मुलाला रेल्वेचं क्वार्टर होतं. काकूंनी चहा ठेवला. काका बरेच वाळले होते, पण मला लगेच ओळखलं. मी सगळं सांगितलं, फोनपासून फाईलपर्यंत.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी. साहेबांनी तुम्हाला बोलावलं त्याच्या आधी."

ते म्हणाले, "मी तीन वर्षं तो कागद आठवतोय. दोन प्रिंट निघाले होते का? मी जुना उचलला का? डोळे तपासून घेतले. पोरानं डोक्याच्या डॉक्टरकडंसुद्धा नेलं. सगळे म्हणायचे ह्यांना हल्ली विसरायला होतं. मग मीही तसंच म्हणायला लागलो."

काकू आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"काका, माझं चुकलं."

"त्या नर्सचं काय झालं?"

"माहीत नाही."

"ते तरी विचारायचं होतंस." ते उठून आत गेले. काकू म्हणाल्या, "तुमची पाचची गाडी आहे ना. निघा आता."

सोमवारी मी साहेबांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, आता उकरून काय उपयोग. काकांची चूक नव्हती एवढं लिहून द्या म्हटलं, तर त्यांनी दिलं नाही. मग मीच लिहिलं, सही केली आणि मनमाडला पाठवलं. उत्तर आलं नाही. रुग्णालयात फोन केला. ती नर्स नोकरी सोडून गेली होती, कुठं गेली ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.