डाव्या कानाचा दाखला

"पडदा फाटलाय," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेला गोल आरसा होता आणि त्यातला उजेड माझ्या डाव्या कानात पडला होता. "याला परफोरेशन म्हणतात. कानात आत एक पातळ पडदा असतो, हलगीच्या कातड्यासारखा. त्याला भोक पडलंय आणि आत पू झालाय. तेल कुणी घातलं?"

मावशीनं, मी म्हणालो. लसूण टाकून, कोमट करून, तीन दिवस.

"आणि मारलं कुणी?"

"नाक्यावरच्या पोलिसानं."

डॉक्टरांनी आरसा कपाळावरून वर सरकवला. वहीत माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, कान डावा असं लिहिलं. पुढे कारणाची जागा होती, तिथे टाक थांबला. "पोलिसाचं नाव आलं की पोलिसाचं पत्र लागतं," ते म्हणाले. "पत्र घेऊन या, मग लिहितो. तोवर कान कोरडा ठेवा. तेल नाही, पाणी नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. मुख्य म्हणजे आठ दिवस गाडी नको, धूळ नको."

यातलं शेवटचं मी ऐकलं नाही. ती माझी चूक. ती कबूल करूनच पुढचं सांगतो, कारण हे लिहिण्याचं कारणच ते आहे. ज्याच्या कानावर असा फटका बसला असेल त्याने माझं अर्धं ऐकावं आणि अर्धं टाळावं.

मी सर्व्हिस मोटरवर ड्रायव्हर होतो. विटा, तासगाव, सांगली. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मालकाने गाडीला कोळशाची शेगडी बसवून घेतली होती. कोळसा पेटवायचा, पंखा मारून धग वाढवायची, गॅस धरला की मग इंजिन सुरू. एकदा बंद पडलं की अर्धा तास गेला. सकाळी निघताना अंगाला जो काळा रंग लागायचा तो सांगलीत कृष्णेवर गेल्याशिवाय निघत नसे.

तासगावच्या अलीकडे त्या वर्षी पोलिसांचा नाका बसला होता. भूमिगत माणसं गाड्यांतून ये-जा करतात म्हणून प्रत्येक गाडी थांबवायचे, माणसं उतरवायचे, गाठोडी सोडायला लावायचे. त्यात मला काही म्हणायचं नाही. रोज थांबत होतो, रोज नमस्कार करत होतो.

त्या दिवशी नवा जमादार होता. भर दुपार, गाडीत बावीस माणसं, टपावर हळदीची पोती. म्हणाला, "इंजिन बंद कर."

मी म्हणालो, "साहेब, कोळशाची गाडी हाय. बंद केली तर परत अर्धा तास पंखा मारावा लागंल. चालू ठिवून तपासा की, मी खाली उभा ऱ्हातो."

"खाली ये."

मी उतरलो. हात जोडलेलेच होते. त्याने पुढे काही विचारलं नाही. उजव्या हाताचा सपाट पंजा माझ्या डाव्या कानावर बसला. दुखण्याच्या आधी आवाज झाला, आतल्या आत, कापड टरकावं तसा. मग घंटा वाजायला लागली आणि जमीन एका बाजूला कलली. जमादाराचे ओठ हलत होते. उलट बोलतोस, असं काहीतरी म्हणत असावा. गाडीतलं कुणी काही बोललं नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. मीही बोललो नसतो.

त्यांनी गाडी तपासली. काही मिळालं नाही. इंजिन त्यांनी बंद करायला लावलंच होतं, तेव्हा मी आणि कंडक्टर ज्ञानू आळीपाळीने पंखा मारत बसलो. माझ्या कानातून एक थेंब रक्त आलं, ते मी काळ्या हातानेच पुसलं.

तर पत्र. ते आणायला मी नाक्यावरच्या ठाण्यात गेलो. फौजदारांनी नोंदीची वही उघडली. गाडीचा नंबर होता, वेळ होती, "काही आढळले नाही" असंही होतं.

"मारल्याची नोंद नाही," ते म्हणाले.

"ज्यानं मारलं त्यानंच नोंद करायची का, साहेब?"

"डॉक्टराचा दाखला आणला आहेस?"

"डॉक्टर म्हणतात, आधी तुमचं पत्र आणा."

"कुठला डॉक्टर?"

"सांगलीचा."

त्यांनी वही मिटली. "सांगली संस्थानात. हा मुलूख खालसा, इंग्रज सरकारचा. संस्थानातला कागद इथे कसा चालेल? जा, तिथल्या पोलिसांकडे जा."

सांगलीच्या पोलिसांनी मला बाकावर बसवलं. दुपारी आत घेतलं, नाव-गाव विचारलं, नाक्याची जागा विचारली, आणि ती हद्दीच्या पलीकडे असल्याचं कळल्यावर फार सभ्यपणे सांगितलं की घटना खालसातली, तिथे अर्ज करा. मी परत डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, पत्राशिवाय मी कारण कसं लिहू, माझ्या मानेवर सुरी येईल. मी परत ठाण्यावर. फौजदार रजेवर होते.

अशा चार खेपा झाल्या. मार खालसात बसला होता, पू संस्थानात वाहत होता आणि दोन्हीकडचे मला कागद विचारत होते. प्रत्येक खेप मी माझ्याच गाडीतून केली, शेगडीच्या धुरात, कानात कापसाचा बोळा कोंबून. ज्या आठ दिवसांत कान कोरडा आणि स्वस्थ ठेवायचा ते आठ दिवस मी या पत्रापायी घालवले.

एका सकाळी सांगलीतल्या आमच्या खोलीत बायको माझ्यासमोर भाकरीची ताटली ठेवता ठेवता थांबली. तिचं नाव सारजा. आम्ही दोघंही कवठे महांकाळकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मेंढराला काय झालंय ते लांबून ओळखणारी ही बाई. म्हणाली, "आवं, तुमचा कान फुडं आलाय."

मी म्हणालो, कान कुठं पुढं येतो का. तिने मागे बोट लावलं आणि मी ओरडलो. कानामागे लिंबाएवढी सूज होती. अंग तापलं होतं.

"गाडी मालकाची हाय, डोस्कं तुमचं हाय," ती म्हणाली. "उठा." तिने टांगा आणला आणि मला मिरजेच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथले कानाचे डॉक्टर थोडं बोलायचे. बोटाने दाबून पाहिलं, आत पाहिलं, ताप पाहिला. "मॅस्टॉइडायटिस," ते म्हणाले आणि मला कळेल असं सांगितलं. कानामागचं हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं असतं, छोट्या छोट्या कप्प्यांचं. पू तिथे शिरलाय. त्या हाडाच्या पलीकडे मेंदू. "हाड कोरून पू काढावा लागेल. उद्या सकाळी. थांबलात तर मी काही सांगू शकत नाही."

"पत्र लागंल का?" मी विचारलं.

"कसलं पत्र?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माणूस वाचवायला पत्र लागत नाही. सही करा."

हाड कोरायला सुताराचीच हत्यारं असतात, छिन्नी आणि हातोडी, फक्त लहान. हे मला नंतर कळलं ते बरं झालं. तोंडावर जाळी ठेवून क्लोरोफॉर्म दिलं, आकडे मोजायला सांगितले. मी सतरापर्यंत गेलो.

जाग आली तेव्हा डोक्याला पागोट्याएवढं बँडेज होतं. डॉक्टर समोर उभे राहून म्हणाले, "डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. शीळ घाला." सारजाला वाटलं डॉक्टर चेष्टा करतायत. पण चेहरा हलवणारी नस त्याच हाडातून जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होतं. मी शीळ घातली. फार बेसूर होती. डॉक्टर पहिल्यांदा हसले.

पुढचे वीस दिवस सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो, म्हणजे कुणी घाबरू नये. पू मारायच्या सल्फाच्या मोठाल्या गोळ्या मिळायच्या, त्यांनी मळमळतं, पाणी भरपूर प्यावं लागतं. एक दिवसाआड ड्रेसिंग. जखमेत औषधी कापडाची पट्टी भरलेली असते, ती ओढून काढतात, आणि ती संपतच नाही. तेव्हा दात आवळून छताकडे पाहावं. उठून बसलं की भिंती फिरतात. त्याला व्हर्टिगो म्हणतात, म्हणजे घेरी. तोल सांभाळणारं यंत्रही कानातच असतं. हळूहळू कमी होतं. बाहेर बाकावर बसायला लागलो तसं पाहिलं, तिथे सगळे मान एका बाजूला करून बसलेले असायचे, जो तो आपला चांगला कान दाराकडे करून. नाव पुकारलं की तिघे उठायचे.

शेवटी एक दिवस डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क आणला. दोन टोकांचा पोलादी चिमटा, आपटला की गुणगुणतो. उजव्या कानाशी धरला, ऐकू आला. डावीकडे धरला, मी वाट पाहत राहिलो. त्यांनी फोर्क आधीच खाली ठेवला होता.

घरी आल्यावर मालकाने सांभाळून घेतलं. म्हणाले, हळूहळू चालव. मी चौथ्या दिवशी गाडी काढली. तासगावात एक बाई उतरत होती, ज्ञानू मागून ओरडला, "थांब, थांब." कंडक्टर आणि उतारू नेहमी डावीकडे. मला काही ऐकू आलं नाही. मी गाडी सोडली. बाई गुडघ्यावर पडली, डोक्यावरची पाटी रस्त्यावर सांडली. फार लागलं नाही. तिला वाटलं मी मुद्दाम केलं, आणि तिने मला जे ऐकवलं ते उजव्या बाजूने ऐकवलं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

त्याच महिन्यात लायसन नवं करायचं होतं. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणून ते साताऱ्याच्या पोलीस कचेरीतून मिळायचं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागायचा. मी मिरजेला गेलो, तेही संस्थानच. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उजवा कान ठणठणीत आहे. मी 'ऐकू येते' एवढंच लिहितो. ते खोटं नाही."

भला माणूस. माझं पोट जाऊ नये म्हणून म्हणत होता. मी कागद घ्यायला हात पुढेही केला. मग ती बाई आठवली आणि हात मागे घेतला.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "डावा गेलाय असं लिवा. बावीस माणसं असत्यात गाडीत."

"लायसन जाईल."

"जाऊ दे. पण मग कशानं गेला ते पण लिवा."

त्यांनी टाक खाली ठेवला. "तुमच्याकडे पोलिसाचं पत्र नाही."

"पोलिसाचा हात बसलाय की. माझं नुकसान व्हईल तेवढंच खरं लिवायचं, हे कुठलं?"

डॉक्टरांनी नवा कागद घेतला. डाव्या कानाने ऐकू येत नाही, असं लिहिलं. त्याखाली लिहिलं की उघड्या हाताच्या फटक्याने पडदा फाटला असं रुग्ण सांगतो, मारणारा नाक्यावरचा पोलीस होता असं सांगतो, आणि मी तपासणीत व शस्त्रक्रियेत जे पाहिलं ते याच्याशी जुळतं. सही केली, शिक्का मारला. एक नक्कल स्वतःजवळ ठेवली. त्यांना याचा काही फायदा नव्हता, झाला तर त्रासच होता.

मी साताऱ्याला जाऊन कागद दिला, सोबत अर्ज जोडला. आठ दिवसांत उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर मला कुठूनच आलं नव्हतं. त्यात दोन कलमं होती. पहिलं: मिरजेच्या डॉक्टरांच्या दाखल्यावरून अर्जदार डाव्या कानाने बहिरा असल्याचे सिद्ध होते, सबब लायसन रद्द. दुसरं: मारहाणीच्या तक्रारीबाबत, सोबतचा दाखला संस्थानी हद्दीतील असल्याने विचारात घेता येत नाही.

एकच कागद. एकच सही, एकच शिक्का.

मी ते सारजाला वाचून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमी बहिरं हाय ते खरं, पर तुमाला कुनी केलं न्हाई."

मी डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी कपाटातून नक्कल काढली, तिच्यामागे हे उत्तर टाचलं आणि परत ठेवून दिली.

आता मी सांगलीत एका गॅरेजात इंजिनं दुरुस्त करतो. एका कानानेही टॅपेट वाजतंय की बेअरिंग ते कळतं. तोंड सरळ आहे, डोकं शाबूत आहे, ते सारजामुळे आणि त्या अबोल डॉक्टरांमुळे. त्या दोघांचे उपकार मी कागदावर लिहून ठेवतोय, कारण कागद नसला की काय होतं ते मी पाहिलंय.

गॅरेजात ड्रायव्हर येतात. अधूनमधून एखादा हसत सांगतो, "काय न्हाई गड्या, नाक्यावर एक ठिवून दिली, तेवढंच." मी पाना खाली ठेवतो आणि विचारतो, कानात वाजतंय का? वाजत असेल तर काम तसंच टाकून त्याला टांग्यात बसवतो. तेल घालू नको, अंघोळीला बोळा लाव, आणि डॉक्टरांनी कारण विचारल्यावर जे झालं तेच सांग, लिहूनही घे, असं बजावतो. आतापर्यंत दोघांनी लिहून आणलं. त्यांच्या तक्रारींचं पुढे काही झालं नाही. पण दोघांचेही पडदे आपोआप भरून आले.