विसण न घेणारे सासरे

घुग्घुसच्या आमच्या घरी गिझर आला, तेव्हा सासऱ्यांनी तो स्वयंपाकघरात लावून घेतला. बैठकीत बसलेल्या पाहुण्याला तो तिथूनच दिसायचा ना! बाथरूम मात्र अंगणाच्या पार टोकाला, पपईच्या झाडामागे. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "तिकडं जाऊन जाऊन पानी थंड पडन जी."

"तुले काय समजते त्यातलं?" असं म्हणून सासऱ्यांनी कोळशाचा जुना बंब भंगारवाल्याला देऊन टाकला.

मग नियम निघाला : घरातल्या मोठ्याची आंघोळ पहिली. गरम पाण्यात मिसळायला आम्ही सगळे अंगणातल्या टाकीतून बादलीत विसण घेऊन जायचो. सासरे कधीच न्यायचे नाहीत. "मले कडकच लागते," म्हणायचे. बाहेर यायचे तेव्हा दात वाजत असायचे आणि तोंडाने मात्र "फस्कलास!"

एकदा ते गावाला गेले आणि पहिली आंघोळ माझ्या वाट्याला आली. पहिल्याच तांब्याला मी अशी किंचाळले की पपईवरचे कावळे उडाले. रात्रभर पाइपात गार पडलेलं पाणी आधी येणार, मग गिझरचं. एवढी साधी गोष्ट! बाहेर सासूबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"आता समजलं? त्यायच्याजवळ बोलू नको. कुडकुडतीन, पन कबूल करनार नाईत."

मला त्यांची कीव आली. हसू त्याहून जास्त आलं.

पंचाईत झाली दिवाळीला. नणंदेचं नुकतंच लग्न झालेलं, जावई पहिल्या दिवाळसणाला आलेले, आणि पहिल्या आंघोळीचा मान जावयाचा. गिझरचं कौतुक त्यांना आल्या आल्याच ऐकवून झालं होतं. आता अब्रू जाणार म्हणून सासऱ्यांना रात्री जेवण गेलं नाही.

पहाटे मी स्वयंपाकघरात उटणं कालवत होते. सासूबाई अंगणात सडा टाकत होत्या. त्यांची नजर चुकवून सासरे बाथरूममध्ये शिरताना मला दिसले. बेत उघड होता. थंड पाणी आपण सोसायचं, म्हणजे जावयाला गरम मिळेल. बिचाऱ्यांनी रोजच्या सवयीने, बोट न लावता, भरला तांब्या डोक्यावर ओतला.

वर्षभर थंड पाण्याला हूं की चूं न करणारा माणूस असा ओरडला की जावई झोपेतून धावत अंगणात आले.

"काय झालं मामाजी?"

"काई नाई," आतून आवाज आला. "पानी गरम हाये."

हे ते रोजच सांगायचे. खरं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

जावई परत आत गेल्यावर सासूबाई दाराशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाइपातलं थंड पानी म्या पयलेच काढून घेतलं जी, सड्याले. आता रोजच काढत जाईन."

मग दार बोटभर उघडलं.

"अवो, थोडं विसन आन."